'ईव्हिल डेड' पहिला की दुसरा, आणि आखाड्यावरच्या हाकेचं पुढे काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चार मित्रांनी परभणी जिल्ह्यातल्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोपटाच्या जागी, २२ मिनिटांची भुताची फिल्म केली. खर्च ४० हजार. रात्रीच्या लाइटला गव्हाला पाणी द्यायला गेलेला पोरगा, अंधारातून नावाने येणारी हाक, आणि 'तिसरी हाक आल्याशिवाय ओ देऊ नको' हे आजीचं बजावणं, एवढीच गोष्ट. यूट्यूबवर ती चांगली चालली. आता गावाकडचे एक गुत्तेदार (कंत्राटदार) दुसऱ्या भागासाठी ८ लाख द्यायला तयार आहेत. भूत दिसलं पाहिजे, पडका वाडा पाहिजे, ड्रोन पाहिजे आणि मुख्य भूमिकेत त्यांचा पुतण्या पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तयारी म्हणून तुम्ही 'ईव्हिल डेड' या अमेरिकन भयपटमालिकेचे सगळे भाग ओळीने पाहिले. तुम्हाला दुसरा आवडला, कॅमेरा करणारा मित्र म्हणतो पहिलाच खरा. कोण बरोबर, आणि तुमच्या कामाचं त्यात काय आहे, हे तुम्हाला हवंय.

मी छत्रपती संभाजीनगरात एडिटिंग आणि साउंडचं काम करते. मराठवाड्यातल्या पोरापोरींच्या शॉर्टफिल्म माझ्याकडे येत असतात आणि त्यात भुताच्या पुष्कळ असतात, कारण शेत, रात्र आणि दोन मित्र एवढं भांडवल सगळ्यांकडे असतं. त्यामुळे माझं उत्तर कापणाऱ्याच्या आणि आवाज लावणाऱ्याच्या बाजूचं आहे. एखादा लेखक हेच वेगळ्या अंगाने सांगेल.

तुम्ही आणि तुमचा मित्र जे भांडताय ते वरवर 'कमी पैशातला की जास्त पैशातला' असं दिसतं. मला त्याच्या तळाशी दुसरा प्रश्न दिसतो. पहिला भाग पाहायला येणाऱ्याला काहीच माहीत नसतं. दुसऱ्या भागाला येणारा सगळं माहीत करून येतो: भूत कुठून येतं, कशाने मरतं, कोण वाचतं. भयपटाचा निम्मा धाक माहीत नसण्यात असतो, म्हणजे दुसरा भाग करणाऱ्याच्या हातातली निम्मी शिदोरी सुरुवातीलाच संपलेली असते. पैशाने ती परत मिळत नाही. म्हणून पहिल्या आणि पुढच्या भागांची तुलना मी एकाच गोष्टीवर करते: प्रेक्षकाला आता जे माहीत आहे, त्याचं या भागाने काय केलं?

आता 'ईव्हिल डेड'कडे येऊ. दिग्दर्शक सॅम रेमीने पहिल्या भागाचं शूटिंग १९७९ च्या शेवटी टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाउनजवळ सुरू केलं, तेव्हा तो २० वर्षांचा होता. निर्माता रॉबर्ट टॅपर्ट आणि नायक ब्रूस कॅम्पबेल हे त्याचे मित्रच. त्याआधी १९७८ मध्ये त्यांनी 'विदिन द वुड्स' नावाची साधारण अर्ध्या तासाची छोटी फिल्म केली होती, ती केवळ पैसे लावणाऱ्यांना दाखवायला. ती दाखवत त्यांनी डेट्रॉइटच्या परिसरातल्या डॉक्टर-वकिलांकडून पैसे जमवले. मोठी फिल्म साडेतीन-पावणेचार लाख डॉलरच्या आसपास झाली. कॅमेरा १६ मिलिमीटरचा, नंतर प्रिंट मोठी करून ३५ मिलिमीटरवर नेली. शूटिंग ठरलेल्या मुदतीच्या खूप पुढे गेलं, कडाक्याच्या थंडीत बरेच कलाकार निघून गेले, आणि उरलेल्या शॉटमध्ये त्यांच्या जागी दुसऱ्यांचे हात, पाय, पाठी वापराव्या लागल्या. 'विदिन द वुड्स' लक्षात ठेवा, शेवटी तुमच्यासाठी तिचा उपयोग आहे.

आज तरुणांना ही फिल्म दाखवली तर ते मेकअपला हसतात. मी दाखवलेल्या खेळांना हे नेहमी होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, शेवटचा गळणारा, वितळणारा भाग जुना दिसतोच. पण सुरुवातीच्या एका जागी कुणी हसत नाही. पाच मित्र गाडीने जंगलातल्या त्या लाकडी घराशी येतात. ओसरीवरचा झोपाळा आपोआप हलतोय आणि भिंतीवर आदळतोय. ठक्. ठक्. ठक्. एक मित्र एकटा पायऱ्या चढतो, दाराच्या वरून किल्ली काढतो, आणि किल्लीला हात लागल्याबरोबर ठोका थांबतो. बस्स. रक्त नाही, चेहरा नाही, संगीताचा दणका नाही.

हे दृश्य तुम्ही आवाज बंद करून एकदा पाहा. काहीच उरत नाही. मग चित्र न बघता फक्त ऐका. सगळं उरतं. लय असलेला आवाज कान दोन-तीन ठोक्यांत स्वीकारतो आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो. तो आला नाही की आपल्याला कळतं, कुणीतरी तो थांबवला. कुणी थांबवला हे फिल्म सांगत नाही. या एका झोपाळ्याने प्रेक्षकाला पटवलं की या घराला आपण आलेलं कळतं. खर्च किती? एक झोपाळा आणि एडिटिंगच्या टेबलावरचा थोडा विचार.

दुसरी जागा म्हणजे जंगलातून जमिनीलगत धावत येणारा कॅमेरा. तुमच्या मित्राला तो फार आवडला असणार. कॅमेरा एका लांब लाकडी फळीच्या मध्यावर बांधला, दोघांनी दोन टोकं धरली आणि झाडाझुडपांतून पळाले. भिंग रुंद कोनाचं असल्याने हादरे लपले आणि वेग वाढलेला वाटला. ही क्लृप्ती गरजेपोटी निघाली. तरी तिची खरी ताकद अशी की जे येतंय ते दिसतच नाही, आपण त्याच्या डोळ्यांतून बघतो. अखेरपर्यंत त्याला शरीर मिळत नाही. शेवटच्या शॉटमध्ये तेच घराच्या मागून आत घुसून आरपार येतं आणि नायकाच्या, ॲशच्या, तोंडावर आदळतं.

तिसरी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. पहिल्या भागात ॲश हा नायक आहे हे अर्धी फिल्म होईपर्यंत कळत नाही. तो पाचातला सगळ्यात बिचकणारा आहे, पुढे होऊन दार उघडणारा, तळघरात उतरणारा मित्र वेगळाच. त्यामुळे कोण वाचेल याचा अंदाज लागत नाही. आज आपण ॲशला ओळखून ती फिल्म पाहतो आणि तिचा हा धाक आपल्या हातून निसटतो. १९८१ मध्ये डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात जे पहिल्या खेळाला बसले होते त्यांना तो पुरेपूर मिळाला असेल.

दुसरा भाग १९८७ चा. बजेट साधारण ३५ लाख डॉलर, पहिल्याच्या नऊ-दहा पट. बरेच लोक म्हणतात की पैसे आले म्हणून ती मोठी आणि गमतीदार झाली. मला ते पटत नाही. तिचं मोठेपण तिने पैशाने काय विकत घेतलं यात नाही, काय सोडून दिलं यात आहे. रेमी आणि सहलेखक स्कॉट स्पीगल यांनी ओळखलं की ॲश वाचतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, भुतं जागी करणारं मृतांचं पुस्तक आणि टेपरेकॉर्डरवरचे मंत्रही ठाऊक आहेत. मग त्यांनी पहिला अख्खा भाग सुरुवातीच्या काही मिनिटांत नव्याने, फक्त ॲश आणि त्याची मैत्रीण एवढ्या दोघांत उरकून टाकला. ठाऊक असलेलं सगळं वाटेतून बाजूला. त्यानंतर बराच वेळ घरात एकटा ॲश. 'कोण मरेल' ही भीती आता चालणार नाही, म्हणून त्यांनी भीती हलवून 'हा माणूस शहाणा राहील का' इथे नेली.

तिथे त्यांना सोनं सापडलं. त्याचा स्वतःचा हात त्याच्यावर उलटतो, त्याच्या डोक्यात ताटल्या फोडतो. तो तो हात कापून टाकतो. मग भिंतीवरचं हरणाचं डोकं हसायला लागतं, दिवा हसतो, पुस्तकं हसतात, आणि शेवटी तोही त्यांच्याबरोबर हसतो. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याला जाणवतं की एक माणूस डोळ्यांदेखत वेडा होतोय. तुम्हाला दुसरा भाग आवडला तो याच पंधरा-वीस मिनिटांमुळे असेल असा माझा अंदाज आहे. बाकीची माणसं घरात आल्यावर तो मला जरा सैल वाटतो.

तिसरा, 'आर्मी ऑफ डार्कनेस', १९९२ चा आणि एक कोटी डॉलरच्या वर गेलेला. ॲश थेट मध्ययुगात, समोर किल्ला आणि हाडांच्या सांगाड्यांचं सैन्य. मला ती फिल्म मनापासून आवडते, पण भयपट म्हणून तिला मोजायचं नाही, ती साहसाची गोष्ट आहे. मोकळं मैदान आणि दिवसाचा उजेड आला की तळघर संपतं. शेवटही दोन आहेत. एकात ॲश जास्त झोपतो आणि उद्ध्वस्त भविष्यात जागा होतो, दुसऱ्यात तो आपल्या दुकानातल्या नोकरीवर परततो. स्टुडिओला पहिला फार उदास वाटला म्हणून अमेरिकेत दुसरा लागला. पैसे देणाऱ्याचा हात शेवटापर्यंत पोचतो तो असा, तुमच्या गुत्तेदारांशी बोलायला बसाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

पुढचे दोन मोठे भाग या मोजमापाला चांगले उतरतात. २०१३ मध्ये फेडे अल्वारेझने आणि २०२३ मध्ये ली क्रोनिनने ॲशला गोष्टीतूनच काढलं, कारण ॲश असला की प्रेक्षक निर्धास्त होतो. अल्वारेझच्या फिल्ममध्ये नशा सोडायला आणलेली मुलगी आहे. तिला काहीतरी दिसतंय हे ती ओरडून सांगते आणि सोबतच्यांना ते नशा उतरताना होणारे हाल वाटतात. प्रेक्षकाला भूत माहीत आहे, पात्रांना नाही, आणि या फरकावरच पहिला अर्धा तास उभा आहे. क्रोनिनने जंगलच सोडलं. शहरातली जुनी इमारत, बंद पडलेली लिफ्ट, आणि ज्या आईच्या कुशीत मुलांनी जावं तिच्याच अंगात ते शिरलेलं. दोघांकडे पहिल्या फिल्मच्या अनेक पट पैसा होता, पण दोघांनी आधी 'प्रेक्षकाला काय माहीत आहे' हे धरून गोष्ट बांधली, मग रक्त ओतलं.

इथपर्यंतचं सांगायचं तर: तुमचा मित्र भीतीबद्दल बरोबर आहे, पहिल्यासारखी भीती पुढे परत आली नाही. तुम्ही दुसऱ्या भागाच्या रचनेबद्दल बरोबर आहात. दुसरा भाग कसा बांधावा हे शिकायला त्याच्याइतकी चांगली फिल्म मला माहीत नाही. तुम्ही दुसरा भाग करताय, म्हणून तुम्ही त्याच्याकडूनच शिका.

आता पुतण्याचा मुद्दा. यासाठी 'फँटॅझम' पाहा. डॉन कोस्करेलीने १९७९ मध्ये सुमारे तीन लाख डॉलरमध्ये ती केली, लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतः. भाऊ गमावण्याच्या धास्तीत असलेला एक पोरगा, दफनभूमीवरचा उंच माणूस, हवेत उडणारा चांदीचा गोळा. स्वप्न आणि जाग यांतली सीमाच ठेवलेली नाही. १९८८ मध्ये मोठ्या स्टुडिओने दुसऱ्या भागाला दसपट पैसे दिले आणि मूळ पोराच्या जागी दुसरा नट घ्यायला लावला. दुसरा भाग बघायला वेगवान आहे, स्फोट आहेत, गोळे जास्त आहेत. पण आपण ज्या पोराच्या स्वप्नात शिरलो होतो तो पोरगाच तिथे नाही. तिसऱ्या भागात मूळ नट परत आणला. १९९८ च्या चौथ्या भागात पैशाची ओढाताण होती, तेव्हा कोस्करेलीने पहिल्या भागाच्या वेळचं न वापरलेलं चित्रण काढून त्यात गुंफलं. तोच चेहरा, वीस वर्षांपूर्वीचा, कोवळा. कितीही पैसे ओतले तरी असं चित्रण नंतर कुणाला करता येणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक करा: तुमच्या २२ मिनिटांच्या फिल्मचं जे कापून टाकलेलं चित्रण आणि आवाज आहेत ते शोधा, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि काहीही पुसू नका.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'बद्दल थोडंच सांगते. ओरेन पेलीने स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केलेली ती फिल्म बेडरूममधल्या स्थिर कॅमेऱ्यावर उभी आहे. पुढच्या भागांत गोष्ट पातळ होत गेली. तरी २०११ च्या तिसऱ्या भागात एक झकास गोष्ट आहे: कॅमेरा फिरत्या टेबलफॅनच्या बैठकीवर बसवलाय. तो स्वयंपाकघराकडे वळतो, बैठकीच्या खोलीकडे परत येतो, पुन्हा वळतो, आणि नेमकं जे बघायचंय तिथे असताना तो दुसरीकडे वळायला लागतो. नवं भूत आणलं नाही, नवी बघायची रीत आणली. ही कल्पना आठ लाखांत काय, आठ हजारांतही बसते.

आपल्याकडचं एक उदाहरण देते, कारण जागेचा प्रश्न तुम्हाला आहेच. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त, २०१७ सालची ती, उसाचं रानच चकव्यासारखं आहे, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. २०२१ मध्ये फुरियांनीच ती गोष्ट 'छोरी' नावाने हिंदीत केली, आणि दुसरा भाग त्यानंतर २०२५ मध्ये आला. म्हणजे आधी तीच गोष्ट मोठ्या प्रेक्षकाला पुन्हा सांगितली, मग पुढे गेले. रेमीनेही 'विदिन द वुड्स'चं तेच केलं होतं.

आता तुमच्या फिल्मबद्दल. मी ती पाहिली, दोनदा, दुसऱ्यांदा हेडफोन लावून. तुमच्याकडे झोपाळा आहे. पाण्याच्या मोटारीचा गुणगुणाट पाठीमागे चालू असतो, पोरगा बारं मोडायला, म्हणजे पाणी दुसरीकडे वळवायला, फावडं उचलतो, लाइट जाते, मोटार थांबते. त्या शांततेत कितीतरी वेळ काहीच होत नाही, फक्त पाटातलं पाणी हळूहळू कमी झाल्याचा आवाज. मग पहिली हाक. तुम्ही हे ठरवून केलं की घडून गेलं मला माहीत नाही, पण २२ मिनिटांतली सगळ्यात भारी जागा ती आहे. रात्रीच्या लाइटला शेतात गेलेल्या प्रत्येक माणसाच्या कानाला ती शांतता ओळखीची आहे.

म्हणून वाड्याला माझा विरोध आहे. पडका वाडा दिसला की प्रेक्षक आत शिरायच्या आधीच सावध होतो, कारण त्याने असे वाडे शेकड्याने पाहिलेत. आखाड्यावर तो सावध नसतो. तिथे बैलांची दावण आहे, खाटेवर गोधडी आहे, स्टार्टरच्या पेटीवर कुणीतरी देवाचा फोटो चिकटवलाय. ती जागा रोजची आहे म्हणूनच बिघडलेली दिसते तेव्हा पोटात गोळा येतो.

ड्रोनलाही विरोध आहे, त्याचं कारण वेगळं आहे. ड्रोन वर गेला की प्रेक्षकाला कळतं रस्ता कुठे, विहीर कुठे, घर किती लांब. तुमची गोष्ट चकव्याच्या जातीची आहे. पोरगा कुठे उभा आहे हे प्रेक्षकालाही कळता कामा नये. एका ड्रोनच्या शॉटने तुम्ही त्याच्या हातात नकाशा द्याल. गुत्तेदारांना ड्रोन हवाच असेल तर अगदी शेवटी घ्या, सगळं संपल्यावर, पहाटे.

भुताबद्दल सगळ्यात जास्त सांभाळा. तुमच्या पहिल्या भागात हाक मारणारं दिसत नाही. तुमच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मी वाचल्या, बहुतेकांना 'पुढच्या भागात दाखवा' असं वाटतंय. ते वाटणं म्हणजेच फिल्म चालली याची खूण आहे, ती मागणी पुरवायची नसते. आठ लाखांत कॉम्प्युटरवर केलेली हडळ कशी दिसेल हे तुम्हालाही माहीत आहे. आणि ती उत्तम झाली तरी दिसल्या क्षणापासून तिच्याबद्दलचा प्रश्न मिटतो.

मग दुसऱ्या भागात नवीन काय? तुमच्या प्रेक्षकाला आता दोन गोष्टी माहीत आहेत: तिसऱ्या हाकेचा नियम, आणि त्या पोराने चुकून दुसऱ्याच हाकेला ओ दिली. यावरच उभे राहा. पहिला भाग दोन-तीन मिनिटांत उरका, तोही आजीच्या बाजूने. ती घरात जागी आहे, तिला लांबून नातवाचा 'ओ' ऐकू येतो. एवढंच. मग पुढच्या हंगामात त्या शेतावर नवा माणूस येतो, बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर शेत केलेला कुणी किंवा सालगडी. त्याला हाक येते, आणि ती हाक त्या पहिल्या पोराच्या आवाजात आहे. तुमचा प्रेक्षक तो आवाज ओळखतो. नवा माणूस ओळखत नाही. त्याला ती शेजारच्या आखाड्यावरच्या मदत मागणाऱ्या पोराची हाक वाटते. अल्वारेझने जो फरक वापरला तोच हा, तुमच्या मातीतला.

यात गुत्तेदारांची अटही बसते. पुतण्याला नव्या माणसाची भूमिका द्या, ती खरंच मुख्य आहे. मूळ पोरगा चेहऱ्याने येणार नाही, आवाजाने येईल. कुणालाच कुणाच्या जागी बसवायची वेळ येत नाही. पुतण्याला अभिनय येत नसेल तर मात्र हे सगळं पडेल, आणि ते तुम्हालाच नीट बघून ठरवावं लागेल.

एक छोटी भर: आजकाल पुष्कळ मोटारींना ऑटो स्टार्टर असतो, लाइट आली की मोटार आपोआप चालू होते. पहिल्या भागात मोटार थांबली होती. दुसऱ्या भागात ती रात्री दीड वाजता आपोआप चालू होऊ द्या, आणि नवा माणूस निर्धास्तपणे म्हणू दे, 'ऑटोवर आहे.' मग एका रात्री तो ऑटो काढून ठेवतो. यापुढचं तुम्ही लिहाल.

पैशाचं. आठ लाख म्हणजे फार नाहीत, पण चाळीस हजारांवरून आलेल्याला फार वाटतात आणि तिथेच उधळपट्टी होते. सगळ्यात मोठा वाटा जास्तीच्या रात्रींवर खर्च करा: जेवण, प्रवास, मुक्काम, माणसांची झोप. पहिली फिल्म उत्साहात दोन-तीन रात्रींत होते, दुसरीला धीर लागतो. त्यानंतर जागेवर आवाज घेणारा चांगला माणूस. मग उंचावरून सोडलेला एक मोठा दिवा, चंद्रप्रकाशासाठी. पाच छोटे दिवे लावू नका, पाच सावल्या पडतात. जनरेटर लांब, बांधापलीकडे ठेवा, लांब केबल लागली तरी चालेल, नाहीतर तुमची शांतता मेलीच. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दव पडतं, भिंगावर धुकं धरतं, कॅमेरा गाडीच्या ऊबेतून एकदम बाहेर काढू नका. आणि ओल्या रानात खऱ्या चालू स्टार्टरला नटाला हात लावायला सांगू नका. त्या शॉटसाठी वीज जोडलेली नसलेली वेगळी पेटी वापरा. विहिरीच्या काठावरचे शॉट दिवसा आखून घ्या, कठड्याला दोर बांधा, आणि सगळ्यांना बूट सक्तीचे करा.

आवाजाबद्दल एक गोष्ट तुमच्या प्रेक्षकावर अवलंबून आहे, आणि ती आधी ठरवा. फिल्म थिएटरात किंवा एखाद्या महोत्सवात दाखवायची असेल तर खोल घरघर, जमिनीतून येणारा हुंकार असं सगळं वापरता येतं. तुमचा प्रेक्षक फोनवर बघणारा असेल तर ते खालचे सूर फोनच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाहीत. मी मिक्स करताना शेवटचा फेरा नेहमी साध्या फोनवर ऐकते. तिथे माणसाचा आवाज, टिटवी, लोखंडी पेटीचं झाकण, पाइपातलं पाणी हे टिकतं. तुमची भीती हाकेत आहे, ती फोनवर टिकते, हे तुमचं नशीब. हाका स्टुडिओत नका घेऊ. त्याच शेतात, रात्री, खरोखर लांबून मारायला लावा, वेगवेगळ्या अंतरांवरून. मोकळ्या रानातला लांबचा आवाज नंतर टेबलावर बनवला की खोटा वाटतो, निदान माझ्या कानाला तो अजून एकदाही खरा वाटलेला नाही.

दुसरा भाग करावाच का, हेही परिस्थितीवर आहे. पहिली फिल्म तुमच्या तालुक्याबाहेर फारशी गेली नसेल, तर माझं मत असं की ती २२ मिनिटं तुमची 'विदिन द वुड्स' आहे असं धरा, आणि आठ लाखांत तीच गोष्ट पूर्ण लांबीची, नव्याने करा. पण ती दूरवर पोचली असेल आणि लोक त्या पोराचं पुढे काय झालं असं विचारत असतील, तर वर सांगितलेला मार्ग घ्या. आकडे तुमच्याकडे आहेत, कुठल्या जिल्ह्यांतून बघितली गेली ते चॅनलच्या आकडेवारीत दिसतं, त्यावरून ठरवा.

राहिला हक्कांचा भाग, आणि तो पैसे घेण्याआधीचा आहे. 'ईव्हिल डेड'च्या दुसऱ्या भागात पहिल्याची उजळणी नव्याने चित्रित करावी लागली याचं एक कारण असं की पहिल्या फिल्मचे हक्क देशोदेशीच्या वितरकांकडे विखुरले होते आणि स्वतःचंच जुनं चित्रण त्यांना वापरता येत नव्हतं. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं, १९६८ च्या, तर याहून वाईट झालं. ऐनवेळी नाव बदलताना प्रिंटवरची कॉपीराइटची ओळ गळली, आणि अमेरिकेत ती फिल्म कुणीही दाखवावी अशी सार्वजनिक झाली.

तुम्ही चौघं मित्र आहात, कागद करायला संकोच वाटेल. तरी करा. पहिल्या फिल्मची गोष्ट, नाव, चित्रण आणि यूट्यूबचं चॅनल कुणाच्या मालकीचं, किती वाट्याने, हे आधी चौघांत लिहून घ्या. मग गुत्तेदारांबरोबरच्या करारात स्पष्ट येऊ द्या की त्यांचे पैसे फक्त दुसऱ्या भागासाठी आहेत, पहिल्यावर किंवा तिसऱ्यावर त्यांचा हक्क नाही, आणि अंतिम एडिट कुणी मान्य करायचं. मूळ पोराकडून त्याचा आवाज वापरायची लेखी परवानगी घ्या आणि त्याला त्याचं मानधन द्या, चेहरा दिसत नसला तरी. पहिल्या भागात एखादं गाणं किंवा संगीत नेटवरून उचललेलं असेल तर ते दुसऱ्या भागाच्या उजळणीत येऊ देऊ नका. हे कागद चित्रपटाच्या कामाची माहिती असलेल्या वकिलाकडून करून घ्या, परभणीत असा कुणी नाही सापडला तर संभाजीनगरात शोधा. पुतण्याची तारीख आणि आखाड्याचं भाडं त्यानंतर ठरवा.